मिठाची वेस

मीठ नाही म्हणजे नाही! दिवसातून दहादा तरी हे माझ्या तोंडून जायचं. गावातल्या बायकांनी त्यावरून मला नावही पाडलं होतं, अळणी अक्का. पडू दे. हिरेतळ्याच्या कोषभूमीची मी व्यवस्थापक, निलांबिका हिरेमठ, एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र. ज्या दारात मी उभी आहे त्या दारातून मिठाचा खडा आत जाणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं.

त्या दिवशी बिराजदारांच्या शरणप्पांना आणलं होतं. विमानातून. विमान म्हणजे बांबूची सजवलेली पालखी, आणि तिच्यात मांडी घालून बसवलेला माणूस. आम्हा लिंगायतांत गेलेल्याला जाळत नाहीत, आडवंही निजवत नाहीत. ध्यानाला बसवावं तसं बसवायचं, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं, आणि विभूती, बेलाची पानं आणि मीठ घालून खड्डा भरायचा. मीठ पाटीभर. कैक पिढ्या हे असंच चाललं होतं.

शरणप्पांच्या बायकोच्या, काशव्वाच्या, पदराला गाठ होती. गाठीभोवतीचं लुगडं ओलसर दिसत होतं. मी ओळखलंच.

"मावशी, गाठ सोडा."

"एवढंसं आहे गं, निलाक्का. जन्मभर त्यांच्या ताटात मी मीठ वाढलं. शेवटचं नको वाढू?"

"नको."

म्हातारी रडायला लागली. तिचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता, की जसं काही मीच त्याच्या बापाला मारलंय. तेवढ्यात अण्णा पुढे आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, चन्नवीर स्वामी. आम्ही जंगम. गावातल्या प्रत्येकाच्या जन्माला, लग्नाला आणि मरणाला आमच्या घरचा माणूस लागतो. आधी आमचे अप्पा होते, मग अण्णा. अनवाणी पाय, अंगावर भगवं उपरणं, खांद्याला विभूतीची झोळी.

"काशव्वा, दे इकडं. मी बघतो काय ते," तो म्हणाला. त्यानं स्वतः गाठ सोडली, मीठ माझ्या हातावर ओतलं, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "घे बाई. घाल तुझ्या आमटीत. तिथं लई गरज आहे."

रडणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. अण्णाचं हे असं होतं, कुणाचंही मन मोडायचं त्याच्या जिवावर यायचं. तो काशव्वाच्या पाठीवर हात ठेवून तिला आत घेऊन गेला, आणि मी ते मीठ बादलीत टाकून हात धुतले.

मिठाचं एवढं काय, ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमची रुद्रभूमी भरली होती. कुठंही खणा, आधीच्या कुणाची तरी हाडं लागायची. त्यात आमची काळी जमीन. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, त्यांतून सगळं खाली झिरपतं. दोन विहिरींचं पाणी नासलं तेव्हा सरकारनं दहन करा म्हणून सांगून बघितलं. कोण ऐकतंय! मग २०३८ साली पुण्याच्या एका संस्थेनं कोष आणला. मातीचाच, रांजणासारखा, पुरुषभर उंच. आत माणूस मांडी घालूनच बसतो, म्हणून आमच्या लोकांनी तो फारशी कुरकुर न करता घेतला. माणसाभोवती लाकडाचा भुसा आणि ज्वारीचं काड भरायचं, आणि त्यात ढवळी सोडायची.

ढवळी ही बुरशी. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते ना, तिच्या कुळातली. लाकूड पचवायची कला तिच्यात होतीच. शास्त्रज्ञांनी तिच्या जनुकांत भर घालून तिला कातडी, केस, नखं पचवायला शिकवलं, आणि हाड विरघळवणारं आम्ल तयार करायला शिकवलं. आधी तीन दिवस कोषात कोमट पाण्याची बारीक धार झिरपत ठेवायची, म्हणजे देहातलं मीठ धुऊन खालच्या टाकीत जातं. चौथ्या दिवशी अण्णा कोषात उतरून विभूती घालायचा, मग ढवळी कामाला लागते. दीड महिन्यानं कोष उघडला की आत हाडाचा तुकडासुद्धा नसायचा. दोन पोती काळी, भुसभुशीत माती. लोक ती घरी नेऊन तिच्यात बेल लावायचे, शेवगा लावायचे. विहिरींचं पाणी सुधारलं. मला तर या कामाचा अभिमान वाटायचा, अजूनही खोटं कशाला बोलू.

पण एवढी खादाड वस्तू मोकळी कशी सोडणार? तिला वेसण हवी. प्रत्येक जिवंत पेशीकडे आत शिरलेलं मीठ बाहेर फेकायचा एक पंप असतो. संस्थेनं ढवळीचा तो पंपच काढून टाकला. मिठाला शिवली की ती जागच्या जागी आकसून मरायची. म्हणून कोषभूमीभोवती हातभर रुंदीचा चर खणून खडेमिठानं भरला होता. गाव त्याला मिठाची वेस म्हणायचं. जिवंत माणसाला ती धरत नव्हती, त्याचंही कारण तेच. आपलं रक्त खारट, घाम खारट. अंगाच्या उबेची तिला फिकीर नाही, कोष आतून त्याहून जास्त तापतो. तिच्यात आणि आपल्यात आडवं होतं ते फक्त मीठ.

आणि एक. सुरुवातीला दर कोषाला संस्थेकडून ताजी ढवळी यायची. पुढं ती वेळेवर येईना. मी म्हटलं, दही लावायला कुणी दरवेळी डेअरीत जातं का? झालेल्या कोषातली ओंजळभर माती ठेवायची आणि नव्याला लावायची. विरजण! संस्थेनं माझी पाठ थोपटली आणि सगळ्या कोषभूम्यांना तसंच करायला लावलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी वेशीवरून फेरी मारत होते. चराच्या पलीकडे तुरीच्या शेताचा बांध आहे. बांधावर एक होला पडलेला दिसला. पांढराशुभ्र. होला असा पांढरा नसतो; मला वाटलं, कुणाचं तरी पाळलेलं कबुतर. काठीनं हलवला तर पीस नाही, चोच नाही. होल्याच्या आकाराची माती तेवढी होती, वरून पांढऱ्या धाग्यांनी बांधलेली, आणि काठी लागल्यावर ती ढासळली.

मी गुडघ्यांवर बसले आणि चरातलं वरचं मीठ बाजूला केलं. तळाशी, मिठाच्या खड्यांच्या मधून, केसाएवढे पांढरे धागे पलीकडे गेले होते.

धागे सूक्ष्मदर्शकाखाली घातले. ढवळीच होती. मिठाचं पाणी सोडलं, तरी आकसली नाही. मी संस्थेतल्या डॉक्टर टिळेकरबाईंना फोन लावला. ढवळी घडवली ती त्यांनीच.

"अशक्य आहे," त्या म्हणाल्या. "भरपूर मिठात ती एका फटक्यात मरते. एकदम असं काही जमणं शक्यच नाही तिला."

"मग हे कसं झालं?"

"तिला मीठ मिळत असलं पाहिजे, निलांबिका. पण थोडं. मरायला कमी पडेल एवढंच, आणि दर कोषात, नियमानं. तसं असेल तरच. तुझ्याकडे कोणी मीठ घालतंय का?"

"काहीतरीच काय मॅडम! दारात मी स्वतः उभी असते. एकेकीचा पदर तपासते. विमानातली फुलंसुद्धा झटकून घेते. माझ्या हाताखालून न जाता आत जातं ते फक्त..."

फोन तसाच हातात धरून अण्णाच्या घराकडे निघाले.

अण्णाचं घर माझ्या घराला लागूनच. मी लग्न केलं नाही, दोन्ही वेळचं जेवण मला तिथंच. अण्णा अंगणात पाटावर बसला होता, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. चुलीपुढं गौरवैनी, त्याची बायको, भाकरी थापत होती.

"आली बघ अळणी अक्का," अण्णा म्हणाला. "ये. शेंगाची चटणी केलीय. मीठ तेवढं तुझ्या हिशोबानं जास्त आहे."

"अण्णा, झोळी दे."

"का गं?"

"दे म्हटलं ना!"

तो हसला, आणि मग हसू तसंच अर्ध्यावर राहिलं. झोळी खुंटीला होती. मी विभूतीची चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. खारट. वाटून, चाळून, राखेत मिसळलेलं मीठ.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," तो म्हणाला. लपवायचा त्याचा स्वभावच नव्हता, इतकी वर्षं कसं लपवलं देव जाणे. "सगळेच मागतात गं, निला. माणूस जाताना तेवढं तरी मिळावं म्हणून माझे पाय धरतात. तू वाघिणीसारखी दारात उभी. मग मी म्हटलं, पाटीभर नको, चिमूटभर घालू. नियमही राहील, त्यांचं मनही राहील. चिमटीनं काय होतंय?"

"पाटीभर घातलं असतंस तर बरं झालं असतं!" मी एवढ्यानं ओरडले की वैनीच्या हातची भाकरी मोडली. "पाटीभरानं ती मेली असती. कोष नासला असता, पहिल्याच महिन्यात मला कळलं असतं, आणि मी तुझी झोळी नदीत टाकली असती. तुझ्या चिमटीनं नाजूक होती ती मेली आणि चिवट होती ती उरली. त्या उरलेलीचं विरजण मी पुढच्या कोषाला लावलं. त्यात तू पुन्हा चिमूट घातलीस, पुन्हा त्यातली चिवट..."

विरजण माझं होतं. आम्ही दोघा भावंडांनी मिळून तिला मीठ खायला शिकवलं होतं.

अण्णाचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. साठीचा माणूस, पण मार खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता.

"निला," वैनी हळूच म्हणाली, "त्यांच्या टाचा बघ ना जरा. भेगांत मेण भरल्यासारखं झालंय. म्हणून मिठाच्या पाण्यात पाय सोडायला लावले मी."

अण्णानं एक पाय घमेल्याबाहेर काढला. कोषात उतरून संस्कार करायचा तर जंगमानं पायात काही घालायचं नसतं. सगळा जन्म अनवाणी गेल्यानं त्याच्या टाचांना काळ्या जमिनीसारख्याच भेगा पडलेल्या. त्या सगळ्या भेगा आता पांढऱ्या होत्या.

"दुखतंय?"

"आधी लई ठणकायचं. आता काहीच कळत नाही. बरं वाटतंय उलट."

मी घमेल्यात वाकून बघितलं. मिठाच्या पाण्यात त्याच्या दुसऱ्या टाचेतून निघालेले धागे सावकाश हलत होते.

सोलापूरच्या दवाखान्यात त्याचा डावा पाय आधी घोट्यातून कापला, मग गुडघ्याखालून. उजव्याची पाळी येईपर्यंत ढवळी वर सरकली होती. तिथली डॉक्टर माझ्या निम्म्या वयाची, पण पोरगी सरळ बोलणारी. "बुरशीची पेशी माणसाच्या पेशीच्या फार जवळची असते," ती म्हणाली. "जंतू मारणारी औषधं पुष्कळ आहेत. हिला मारेल असं जे आहे, ते त्यांनाही मारेल. आम्ही मध्ये कुठंतरी जमवायला बघतोय." जमत नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

बाहेरच्या बाकावर बसून मी फोन लावत सुटले. आपल्या भागात एव्हाना कितीतरी कोषभूम्या झाल्या होत्या. चिंचतळ्याचे स्वामी फोनवर आले.

"शरणु शरणार्थी, अक्का. चन्नवीरअण्णा कसे आहेत?"

"स्वामी, खरं सांगा. मीठ घालता का?"

"छे छे! नियम म्हणजे नियम."

मी फोन ठेवला नाही. मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "चिमूटभर, अक्का. म्हातारी माणसं रडतात हो. बघवत नाही."

बसवाडीला तेच. हालग्याला तेच. एका ठिकाणी तर व्यवस्थापक बाईच म्हणाली, की वडिलांच्या वेळी तिनं स्वतः घातलं होतं. प्रत्येकानं आधी नाही म्हटलं आणि मग चिमूटभर. वाईट माणूस त्यांत एक नव्हता, आणि त्याचंच मला भय वाटायला लागलं. सगळ्यांना मी एकच सांगितलं. कोष बंद करा, पायात गमबूट घाला, जमीन जाळायची तयारी ठेवा. टिळेकरबाईंनी वरपर्यंत कळवलं होतं. जिल्ह्याची माणसं डिझेलच्या टाक्या घेऊन गावोगाव निघणार होती.

आत गेले तर अण्णा जागा होता.

"निला, इकडं ये. अप्पांच्या शेजारी माझी जागा ठेवलेली आहे. जुन्या रुद्रभूमीत, लिंबाखाली. तिथं बसव मला. कोषात नको."

"कशाला आत्ता हे..."

"ऐक की. पाटीभर मीठ घाल. तुझ्या हातानं. पाटीभरानं मरेल म्हणालीस ना ती?"

मी मान डोलावली.

"मग झालं. माझ्यासंगं तीही संपेल." तो जरा थांबला. धाप लागत होती. "फक्त जाळू नकोस गं. किती जणांना या हातांनी बसवलं मी. मलाच कुणी जाळलं तर अप्पांना तोंड कसं दाखवू?"

"बघते."

"बघते नको. हो म्हण."

मी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं. एवढीच एक गोष्ट त्यानं आयुष्यात माझ्याकडे मागितली होती, आणि ती मला द्यायची होती.

म्हणून मी करून बघितलं. त्याच्या जखमेवरच्या पट्टीचा तुकडा चिमट्यानं उचलून स्टीलच्या वाटीत ठेवला, त्यावर काठोकाठ खडेमीठ भरलं, झाकण लावलं, आणि कोषभूमीतल्या माझ्या प्रयोगशाळेत ठेवून दिलं. जुनी ढवळी असती तर तासाभरात मेली असती. मी तिला दोन दिवस दिले. कुठल्याही देवाला कधी हात न जोडणारी मी, त्या वाटीला हात जोडून आले.

दोन दिवसांनी झाकण काढलं. वरून मीठ होतं तसंच दिसत होतं, कोरडं, स्वच्छ. मी वाटी उपडी केली.

मीठ सांडलं नाही.

वाटी हलवली, ठोकली. मीठ आत तसंच धरून राहिलं, प्रत्येक खडा शेजारच्या खड्याशी बांधलेला. मी ती वाटी हातात धरून स्टुलावर बसले आणि पोटभर रडले. आता अण्णाला मातीत बसवणं म्हणजे लिंबाखालून तिला थेट विहिरींपर्यंत वाट करून देणं होतं. तिच्यावर आता एकच उपाय उरला होता, आग.

अण्णा त्याच आठवड्यात गेला. शेवटी त्याला काही दुखलं नाही, असं डॉक्टर म्हणाली. ते कशामुळे, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वैनीला सांगायचं काम माझ्यावरच आलं.

"जाळणार?" ती म्हणाली. कधी आवाज न चढवणारी बाई, पण तिच्या डोळ्यांकडे बघवेना. "माझ्या नवऱ्याला? तू हो म्हणाली होतीस त्यांना. मी तिथंच होते."

"म्हणाले होते."

"मग?"

मी पिशवीतून वाटी काढली, काचेच्या बरणीत बंद केलेली. बरणी उलटी करून तिच्यापुढं धरली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. आमच्या घरातलीच वाटी, अण्णा रोज तिच्यातून आमटी प्यायचा. वैनी बराच वेळ बरणी उलटसुलट करत राहिली, आणि मग खाली ठेवली.

"बसवून तरी जाळा," ती म्हणाली.

विद्युतदाहिनीवाल्यांनी हात वर केले होते, असला देह आम्ही घेणार नाही म्हणाले. कोषभूमी तर जिल्ह्याची माणसं जाळणारच होती. तेव्हा कोषभूमीच्या मधोमध, मोकळ्या जागेत, आम्ही लाकडं रचली. गावाला मी मठाच्या भोंग्यावरून सकाळपासून सांगत होते: कुणी यायचं नाही. यायचंच असेल तर मिठाच्या वेशीपलीकडे उभं राहायचं. अनवाणी तर मुळीच नाही. घरोघरी गमबूट वाटले होते. मोबाइलवर भेगाळलेल्या टाचेचे फोटो पाठवले होते. आणखी काय करायचं माणसानं?

अण्णाला बसवलं. एक पाय नव्हता, त्यामुळे मांडी अर्धीच झाली, कडेला लाकडाचा टेकू द्यावा लागला. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. मंत्र म्हणायला जंगम कुणी आला नाही, आगीपुढं कोण म्हणणार? लहानपणी अप्पांच्या मागून ऐकलेलं जेवढं आठवलं तेवढं मीच म्हटलं.

वैनी गमबूट घालून माझ्याशेजारी उभी होती. तिनं मूठ पुढं केली आणि उघडली. चिमूटभर मीठ.

"आता तर चालेल ना?"

"चालेल, वैनी."

तिनं ते त्याच्या मांडीवर ठेवलं. मी पलिता लावला. माफ कर रे अण्णा, असं मोठ्यानं म्हटलं, लाजले नाही. डिझेल शिंपडलेलं लाकूड लगेच धडधडलं. ज्वाळा त्याच्या खांद्यांवर गेल्या तेव्हा वैनीनं माझा दंड घट्ट धरला, पण ती हलली नाही. मीही हलले नाही. निदान तुझ्यातली तरी संपली, असं मी मनात म्हणत राहिले.

धूर डोळ्यांत गेला म्हणून मी तोंड वळवलं.

सगळा गाव आत आला होता. आवाज नाही, गडबड नाही. बायका, पुरुष, कडेवरची पोरं, मुकाट्यानं रांगेनं वेस ओलांडून येत होते आणि हात जोडून उभे राहत होते. मी फाटकाकडे बघितलं. तिथं चपलांचा ढीग पडला होता. मी वाटलेले गमबूटसुद्धा, जोडी जोडीनं लावून ठेवलेले.

"चपला घाला!" मी किंचाळले. "अरे सांगितलं होतं ना तुम्हाला! बाहेर व्हा! पायात घाला आधी!"

कुणी हललं नाही. सगळ्यांत पुढं काशव्वा उभी होती, नातवाचं बोट धरून. तिच्या उघड्या, भेगाळलेल्या टाचा त्या भुसभुशीत मातीत रुतल्या होत्या.

"मावशी, पाया पडते तुमच्या. निघा इथून."

"अगं, गुरूच्या पुढं पायात घालून उभं राहू का मी?" ती हळूच म्हणाली, माझीच समजूत काढल्यासारखी. "त्यांनी आमचं मन राखलं होतं. एवढा वेळ अनवाणी राहिलो तर काय होतंय?"

आणि ती वाकली. अण्णाच्या चितेसमोरची माती तिनं चिमटीत उचलली, कपाळाला लावली, मग नातवाच्या कपाळाला लावली. तिच्या मागच्या बाईनं उचलली. मग तिच्या मागच्यानं.